नायलॉनच्या टोकांची गोष्ट: वॉलेस कॅरोथर्स, रंगीत गालिचा आणि न निघणारा डाग

टूथब्रशचे केस, सॅकचा पट्टा, गिटारच्या तारा, गाडीत पायाखाली असलेलं कार्पेट. यातल्या बऱ्याच गोष्टी नायलॉनच्या असतात. हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरलाय की पातळ पोह्यांना आपण नायलॉन पोहे म्हणतो आणि बारीक शेवेला नायलॉन शेव. त्यात नायलॉनचा एक कणही नसतो, तरी कुणाला काही वाटत नाही.

पण ज्या माणसाच्या लॅबमध्ये नायलॉन जन्माला आलं, त्याने नायलॉनची एकही वस्तू दुकानात विकली जाताना पाहिली नाही. त्या माणसाचं नाव वॉलेस ह्यूम कॅरोथर्स. नायलॉनच्या गालिच्याला इतका छान रंग का चढतो, त्याच गालिच्यावर लाल सरबत सांडलं की डाग का बसतो आणि खिडकीजवळचा भाग आधी फिका का पडतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कॅरोथर्स यांनी घडवलेल्या रेणूमध्येच आहेत. म्हणून आज आपण दोन्ही गोष्टी एकत्र बघणार आहोत, त्यांचं आयुष्य आणि त्यांचा रेणू.

हिशोब शिकलेला केमिस्ट

वॉलेसचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, बर्लिंग्टन गावी झाला. चार भावंडांत तो थोरला. वडील डे मॉइन शहरातल्या एका कमर्शियल कॉलेजात शिकवायचे. मुलानेही तीच लाइन धरावी असं घरचं वातावरण होतं, म्हणून शाळा संपल्यावर वॉलेसने आधी तिथे अकाउंटिंगचा कोर्स केला. तो त्याने वर्षभरात संपवला. मन मात्र केमिस्ट्रीत होतं.

१९१५ मध्ये तो मिसुरी राज्यातल्या टार्किओ कॉलेजात दाखल झाला. कॉलेज अगदी छोटं. तिथले केमिस्ट्रीचे प्राध्यापक आर्थर पार्डी दुसरीकडे गेले, तेव्हा पदवीही न मिळालेल्या वॉलेसवरच केमिस्ट्री शिकवायची जबाबदारी आली. म्हणजे स्वतः विद्यार्थी आणि वर्गात मास्तर, अशी दुहेरी ड्युटी. १९२० मध्ये पदवी, मग इलिनॉय विद्यापीठात १९२१ मध्ये मास्टर्स आणि १९२४ मध्ये रॉजर अॅडम्स या नावाजलेल्या केमिस्टच्या हाताखाली पीएचडी. दोन वर्षांनी, १९२६ मध्ये, कॅरोथर्स हार्वर्डमध्ये शिकवायला लागले.

बाहेरून बघितलं तर सगळं झकास चाललं होतं. आतून मात्र तसं नव्हतं. तरुणपणापासूनच त्यांना डिप्रेशनचे झटके यायचे. काही दिवस कामाचा धडाका, मग अचानक सगळं ठप्प. वर्गात शिकवणं त्यांना जड जायचं. लोकांसमोर बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. एकट्याने वाचन, संगीत आणि प्रयोग, यातच ते रमायचे.

हार्वर्ड सोडायचं की नाही?

त्याच काळात ड्यूपाँट या केमिकल कंपनीत चार्ल्स स्टाइन नावाच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात एक वेगळी कल्पना आली. कंपनीने अशीही एक लॅब चालवावी, जिथे उद्या विकायच्या मालाचा विचार न करता मूलभूत संशोधन होईल. त्या काळच्या कंपन्यांसाठी हे फारच धाडसाचं होतं. स्टाइन यांनी कॅरोथर्सना बोलावलं. पगार हार्वर्डच्या जवळपास दुप्पट होता.

कॅरोथर्स यांनी आधी नकार दिला. कारण त्यांनी कंपनीला लपवाछपवी न करता कळवलं: मन बिघडलं की त्यांच्या हातून काम होत नाही, आणि विद्यापीठात हे खपून जातं तसं कंपनीत कदाचित खपणार नाही. ज्या काळात मानसिक आजाराबद्दल कुणी बोलतही नसे, त्या काळात नोकरी देणाऱ्याला त्यांनी हे स्वतःहून सांगितलं. तरीही कंपनीने पाठपुरावा सोडला नाही. शेवटी फेब्रुवारी १९२८ मध्ये कॅरोथर्स डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन इथल्या ड्यूपाँटच्या लॅबमध्ये रुजू झाले. वय ३१.

लांब रेणू खरंच असतात का?

तेव्हा केमिस्ट लोकांमध्ये एक मोठा वाद चालू होता. रबर, रेशीम, कापूस या वस्तू कशाच्या बनलेल्या असतात? बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की छोटे छोटे रेणू कुठल्यातरी गूढ शक्तीने एकमेकांना चिकटून गोळा झालेले असतात. जर्मनीचे हर्मान स्टाउडिंगर मात्र सांगत होते की हे खरोखरच लांबच लांब रेणू आहेत, साखळीसारखे. त्यांच्यावर टीकाही भरपूर होत होती.

कॅरोथर्स यांनी ठरवलं की वाद घालत बसायचं नाही, साखळी बनवूनच दाखवायची. आणि तीही पुस्तकात असलेल्या, सगळ्यांना माहीत असलेल्या साध्या रिअॅक्शन वापरून.

ही आयडिया समजून घ्यायला एक खेळ डोळ्यांसमोर आणा. मैदानात दोन गट आहेत. एका गटातल्या प्रत्येकाने दोन्ही हातांत लाल मोजे घातलेत, दुसऱ्या गटाने निळे. नियम एकच, लाल हात फक्त निळा हात धरू शकतो. सगळ्यांनी हात धरले की काय होईल? लाल-निळा-लाल-निळा अशी लांब साखळी तयार होईल. प्रत्येकाला एकच हात असता तर फक्त जोड्या झाल्या असत्या. दोन हात आहेत म्हणून साखळी होते.

आता हातांऐवजी केमिकल गट ठेवा. अॅसिड गट म्हणजे लाल हात आणि अल्कोहोल किंवा अमाइन गट म्हणजे निळा हात. दोन हात जुळले की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पक्का दुवा तयार होतो. कॅरोथर्स यांचं पॉलिमर विज्ञान या साध्या कल्पनेवर उभं राहिलं.

त्यांनी याचं गणितही मांडलं. आज ते कॅरोथर्स समीकरण म्हणून इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत असतं. १०० पैकी ९५ हात जुळले तर साखळीत सरासरी २० जण असतात. ९९ जुळले तर १०० जण. ९९.५ टक्के जुळले तर थेट २००. म्हणजे परीक्षेत ९५ टक्के मिळाले की आपण पेढे वाटतो, पण इथे ९५ टक्क्यांत धागाच होत नाही. शेवटच्या चार-पाच टक्क्यांतच सगळा खेळ आहे.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे. साखळी कितीही लांब असू द्या, तिला दोन टोकं राहतातच. टोकावरच्या माणसाचा एक हात मोकळा असतो.

एका महिन्यात दोन शोध

१९३० चा एप्रिल महिना या लॅबसाठी भन्नाट ठरला. आधी कॅरोथर्स यांच्या टीममधल्या आर्नॉल्ड कॉलिन्स यांना एका प्रयोगात क्लोरोप्रीन मिळालं, ज्यापासून कृत्रिम रबर तयार झालं. हेच आजचं निओप्रीन. पाणबुड्यांचे सूट आणि लॅपटॉपची कव्हरं याच्याच घरातली.

त्याच महिन्यात ज्युलियन हिल या सहकाऱ्याने साखळीचा प्रश्न सोडवला. अडचण पाण्याची होती. दुवा जुळताना बाहेर पडलेलं पाणी तिथेच राहिलं, तर ते दुवा परत तोडतं. म्हणून साखळी एका लांबीपुढे जातच नव्हती. टीमने निर्वात यंत्रात, थंड पृष्ठभागावर पाणी पकडून बाजूला काढलं आणि साखळी एकदम वाढली. रेणूभार १२,००० च्या वर गेला.

हिल यांनी त्या वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये काचेची कांडी बुडवून वर ओढली, तर चिकाचा तार निघावा तसा धागा निघाला. थंड झाल्यावर तो धागा ताणला, तर तुटण्याऐवजी कित्येक पट लांब झाला, चमकायला लागला आणि आणखी मजबूत झाला. कारण ताणल्यावर आतल्या विस्कटलेल्या साखळ्या एका दिशेने रांगेत लागतात. आजही कारखान्यात धागा असाच ताणतात.

पण हे पॉलिएस्टर गरम पाण्यात टिकत नव्हतं. ज्या कापडावर इस्त्री फिरवता येत नाही, ते कोण घेणार? कॅरोथर्स यांनी तो मार्ग बाजूला ठेवला. पुढे १९४१ मध्ये ब्रिटनच्या व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी वेगळं अॅसिड वापरून टिकाऊ पॉलिएस्टर बनवलं. पाण्याच्या बाटलीतलं पेट म्हणजे तेच.

२८ फेब्रुवारी १९३५

दरम्यान लॅबचा कारभार एल्मर बोल्टन यांच्याकडे आला होता. बोल्टन यांना विकता येईल असा धागा हवा होता. मूलभूत संशोधनासाठी आलेल्या कॅरोथर्स यांच्यावर आता बाजाराचा दबाव आला. तरी ते पुन्हा धाग्याकडे वळले. या वेळी अल्कोहोलऐवजी अमाइन घेतलं, म्हणजे रेशीम आणि लोकरीत असतो तसाच अमाइड दुवा. हा दुवा उष्णतेला आणि पाण्याला जास्त दाद देत नाही.

१९३४ मध्ये डोनाल्ड कॉफमन यांनी पहिला चांगला पॉलिअमाइड धागा काढला. मग वेगवेगळ्या लांबीचे अॅसिड आणि अमाइन घेऊन एकामागून एक जोड्या तपासल्या गेल्या. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी जेरार्ड बर्शे यांनी, कॅरोथर्स यांच्या मार्गदर्शनाखाली, सहा कार्बनचं अमाइन आणि सहा कार्बनचं अॅसिड जोडून पॉलिमर बनवला. म्हणून त्याचं नाव ६,६. कॅरोथर्स यांची पसंती दुसऱ्या एका जोडीला होती, पण ६,६ चा दोन्ही बाजूंचा कच्चा माल बेंझीनपासून स्वस्तात मिळणार होता आणि हा धागा साधारण २६० अंश सेल्सियसपर्यंत वितळत नव्हता. बोल्टन यांनी ६,६ निवडलं.

पुढे त्याला नायलॉन हे नाव मिळालं. न्यूयॉर्क आणि लंडन जोडून हे नाव झालं अशी पोस्ट तुम्हाला फॉरवर्ड होऊन आली असेल. ती खरी नाही. कंपनीने बऱ्याच नावांवर खल करून हा नवा शब्द तयार केला होता.

रंग टोकालाच का बसतो?

आता आपल्या त्या मोकळ्या हाताकडे येऊ. नायलॉनच्या साखळीत शंभर-दोनशे दुवे असतात, पण टोकं दोनच. काही टोकांवर अॅसिड गट मोकळा असतो, काहींवर अमाइन. रंगाच्या दृष्टीने अमाइन टोक महत्त्वाचं.

रंगाच्या गरम पाण्यात थोडं अॅसिड टाकलं की अमाइन टोक एक प्रोटॉन उचलतं आणि त्याच्यावर धन भार येतो. नायलॉनसाठी वापरतात त्या रंगांना अॅसिड डाय म्हणतात. त्यांच्या रेणूला सल्फोनेट नावाचा ऋण भाराचा गट असतो. धन आणि ऋण एकमेकांकडे खेचले जातात आणि रंग टोकाला जाऊन बसतो. उष्णतेमुळे धाग्यातल्या साखळ्या सैल होतात, म्हणून रंग आतपर्यंत पोचतो. थंड झाल्यावर साखळ्या पुन्हा घट्ट होतात आणि रंग आत अडकतो.

यातून दोन परिणाम होतात. पहिला, जागा मोजक्याच. एक किलो नायलॉनमध्ये अमाइन टोकं साधारण ४० ते ५० मिलिमोल इतकीच असतात. लोकरीत अशा जागा कित्येक पट जास्त असतात. सगळ्या जागा भरल्या की कितीही रंग ओता, गडदपणा फारसा वाढत नाही.

दुसरा परिणाम भारी आहे. टोकं किती ठेवायची हे कारखान्यात ठरवता येतं. पॉलिमर बनवताना थोडं अॅसिटिक अॅसिड घातलं की ते काही अमाइन टोकांना टोपी घालतं. याला एकच हात असल्याने साखळी तिथेच थांबते. अमाइन टोकं कमी, म्हणजे फिका रंग. उलट अमाइन जास्त ठेवलं तर गडद. अशा दोन-तीन प्रकारच्या धाग्यांनी विणलेला गालिचा एकाच रंगाच्या पाण्यात बुडवला, तरी बाहेर येताना फिक्या-गडद नक्षीचा होतो. पण याच कारणाने, टोकांचं प्रमाण चुकून थोडं इकडेतिकडे झालं तर सपाट रंगाच्या गालिच्यावर नको असलेले पट्टेही उठतात. म्हणून रंगारी सुरुवातीला अॅसिड कमी ठेवतात आणि हळूहळू वाढवतात, म्हणजे रंग एकदम एका जागी झडप घालत नाही.

यश मिळालं, माणूस गेला

हे सगळं पुढे झालं. १९३५-३६ मध्ये कॅरोथर्स यांची अवस्था मात्र ढासळत होती. १९३४ च्या उन्हाळ्यात ते कुणाला न सांगता गायब झाले होते आणि बाल्टिमोरमध्ये मानसोपचार घेत असल्याचं नंतर कळलं. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्यांनी कंपनीतच काम करणाऱ्या हेलन स्वीटमन यांच्याशी लग्न केलं. एप्रिल १९३६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसवर त्यांची निवड झाली. उद्योगक्षेत्रात काम करणाऱ्या ऑरगॅनिक केमिस्टला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. आणि काही आठवड्यांतच त्यांना फिलाडेल्फियात रुग्णालयात दाखल करावं लागलं.

आपल्या हातून काहीच भरीव झालं नाही आणि आता नवीन काही सुचणारही नाही, असं त्यांना वाटत होतं. निओप्रीन बाजारात होतं, नायलॉन तयार होतं, अॅकॅडमीचा मान मिळाला होता. तरी वाटत होतं. डिप्रेशन हे असंच असतं. ते पुरावे बघत नाही. त्या काळी त्यावर आजच्यासारखी औषधंही नव्हती. ती १९५० च्या दशकात यायला लागली.

जानेवारी १९३७ मध्ये त्यांची लाडकी बहीण इझोबेल न्यूमोनियाने गेली. ती त्या काळातली रेडिओवरची लोकप्रिय कलाकार होती. या धक्क्यातून ते सावरले नाहीत. ९ एप्रिल १९३७ रोजी नायलॉनच्या मुख्य पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्यानंतर वीस दिवसांनी, २९ एप्रिलला, कॅरोथर्स यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. एक्केचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते. त्यांची मुलगी जेन त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जन्मली. तिने वडिलांना कधी पाहिलं नाही.

सप्टेंबर १९३८ मध्ये पेटंट मंजूर झालं. ऑक्टोबरमध्ये कंपनीने नायलॉन जगासमोर आणलं. पहिली वस्तू होती टूथब्रश. १५ मे १९४० रोजी अमेरिकाभर नायलॉनचे स्टॉकिंग्ज विक्रीला आले तेव्हा दुकानांसमोर रांगा लागल्या. दुसऱ्या महायुद्धात नायलॉन पॅराशूट, दोर आणि टायरमध्ये गेलं. स्टाउडिंगर यांना १९५३ मध्ये नोबेल मिळालं. नोबेल मृत्यूनंतर देत नाहीत, त्यामुळे कॅरोथर्स यांचं नाव त्या यादीत येऊ शकलं नाही.

(तुम्हाला किंवा जवळच्या कुणाला असा अंधार जाणवत असेल, तर एकट्याने ओढत बसू नका. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.)

गालिच्याची गंमत आणि गोची

१९५० च्या दशकाच्या अखेरीस फुगवलेला अखंड नायलॉन धागा आला आणि लोकरीच्या गालिच्यांची मक्तेदारी संपायला लागली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातलं डाल्टन हे शहर गालिच्यांची राजधानी बनलं. नायलॉन झिजत नाही, दाबलं तरी परत उभं राहतं आणि झकास रंग घेतं.

गोची इथेच आहे. जे टोक रंगाऱ्याने दिलेला रंग पकडतं, तेच टोक तुमच्या हातून सांडलेला रंगही पकडतं. आपल्याकडच्या लाल-पिवळ्या सरबताच्या पाकिटावर मागची यादी वाचा. आयएनएस १२२ म्हणजे कार्मोइसिन, १२४ म्हणजे पोन्सो ४आर, १०२ म्हणजे टार्ट्राझिन. या तिघांच्याही रेणूत सल्फोनेट गट असतो. म्हणजे हे खायचे रंग रसायनाच्या भाषेत अॅसिड डायच आहेत. त्याच यादीत आयएनएस ३३० दिसलं तर ते सायट्रिक अॅसिड. रंग झाला, अॅसिड झालं, पाणी झालं. नायलॉनच्या कार्पेटवर ग्लास कलंडला म्हणजे तुम्ही नकळत रंगकाम सुरू केलंत.

मग कंपन्यांनी काय केलं? त्यांनी कातडं कमावण्याच्या धंद्यातून एक युक्ती उचलली. चामडं टिकवायला वापरतात त्या कृत्रिम टॅनिनसारखे, सल्फोनेट गट असलेले मोठे फिनॉलिक रेणू रंगवून झालेल्या गालिच्याला आम्लयुक्त गरम पाण्यात लावले. हे रेणू मोठे असल्याने आत खोलवर जात नाहीत, धाग्याच्या पृष्ठभागाजवळ थांबतात. ते उरलेल्या अमाइन टोकांवर बसतात आणि त्यांच्या ऋण भारामुळे बाहेरून येणाऱ्या ऋण भाराच्या रंगाला ढकलून लावतात. लोकलच्या दारात उभे राहिलेले लोक आतल्या रिकाम्या जागेपर्यंत कुणाला जाऊ देत नाहीत, तसंच. १९८६ मध्ये ड्यूपाँटने स्टेनमास्टर या नावाने असे गालिचे आणले आणि डाग न बसणारा गालिचा ही नवीनच कॅटेगरी बाजारात तयार झाली.

पण फुकट काहीच मिळत नाही. हे फिनॉलिक रेणू उजेडात आणि हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडमुळे स्वतःच पिवळे पडतात. त्यामुळे फिक्या रंगाच्या गालिच्यावर पिवळट झाक येऊ शकते. म्हणून नंतर त्यांच्यासोबत मेथॅक्रिलिक अॅसिडचे पॉलिमर मिसळले गेले, जे पिवळे पडत नाहीत. दुसरं म्हणजे तीव्र अल्कलीच्या क्लीनरने धुतलं की हे संरक्षण निघून जातं.

आणि हळद? हळदीतल्या कर्क्युमिनला सल्फोनेट गट नसतो. ते टोकाला न बसता थेट धाग्यात विरघळल्यासारखं शिरतं. त्यामुळे दारात उभी असलेली ऋण भाराची फौज त्याला अडवू शकत नाही. डाग-रोधक गालिच्यावरही आमटीचा डाग पडतो तो यामुळे.

उजेड रंग का खातो?

हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. कारण कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. डाग घालवायला हे बरं, पण गालिच्याच्या स्वतःच्या रंगाचं असं झालं तर पंचाईत.

रंगाचा रेणू प्रकाश शोषतो, म्हणून तर तो रंगीत दिसतो. शोषलेली ऊर्जा बहुतेक वेळा उष्णता होऊन निघून जाते. अधूनमधून मात्र तीच ऊर्जा, ऑक्सिजन आणि ओलाव्याच्या मदतीने, रेणूचा एखादा दुवा तोडते. रेणू मोडला की रंग गेला. हे मोजायला जगभर निळ्या लोकरीची पट्टी वापरतात. १ ते ८ अशा आठ पायऱ्या असतात. १ म्हणजे लगेच उडणारा, ८ म्हणजे सगळ्यात टिकाऊ. वरची प्रत्येक पायरी फिकी पडायला खालच्या पायरीच्या साधारण दुप्पट वेळ घेते. नमुना आणि पट्टी झेनॉन दिव्यासमोर एकत्र ठेवतात आणि कोण कुणासोबत फिकं पडतं ते बघतात.

टिकाऊपणा वाढवायचे काही मार्ग आहेत. क्रोमियम किंवा कोबाल्टचा अणू मध्ये धरून ठेवणारे रंग उजेडात चांगले टिकतात, पण त्यांच्या छटा जरा दबलेल्या असतात. झगमगीत छटा हवी असेल तर टिकाऊपणात थोडी तडजोड करावी लागते. धाग्याची चमक कमी करायला घातलेलं टायटॅनियम डायऑक्साइड उजेडात नायलॉनचं नुकसान वाढवतं, म्हणून त्यासोबत मँगनीजचे क्षार घालतात.

सगळ्यात वेगळा मार्ग म्हणजे रंगाच्या पाण्याची भानगडच नको. वितळलेल्या पॉलिमरमध्येच पिगमेंट मिसळायचं आणि मग धागा काढायचा. गाजर आतपर्यंत केशरी असतं तसं. शिवाय साखळीतच सल्फोनेट गट गुंफला तर धागा स्वतःच ऋण भाराच्या डागाला ढकलतो. वेगळ्या लेपाची गरज कमी होते. तोटा एवढाच की कोणता रंग विकला जाईल हे धागा बनवण्याआधी ठरवावं लागतं. आयत्या वेळी बदल करता येत नाही.

सरबत सांडलंच तर

आता तुम्हाला कारण माहीत आहे, त्यामुळे उपाय पाठ करायची गरज नाही. उष्णता रंग आत ढकलते, म्हणून गरम पाणी वापरू नका. सुक्या पांढऱ्या कपड्याने टिपा, घासू नका. थंड पाणी थोडं थोडं टाका आणि परत टिपा. तीव्र अल्कलीचा क्लीनर शक्यतो टाळा. आणि लवकर करा, कारण रंग आत जायला वेळ लागतो आणि तो वेळच तुमच्या बाजूने असतो.

१९४६ मध्ये ड्यूपाँटने आपल्या नायलॉन संशोधनाच्या लॅबला कॅरोथर्स यांचं नाव दिलं. त्यांनी धाग्याच्या मजबुतीसाठी साखळी लांब करायचा प्रश्न सोडवला. साखळीच्या टोकांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र पुढच्या पिढ्यांच्या रंगाऱ्यांनी आणि केमिस्टनी हातात घेतला, आणि त्यांचं काम अजूनही त्याच दोन टोकांभोवती चालू आहे.